आकासाका, देवळातून उसने आणलेले दहा येन आणि एक अडचण

गवतीचहा

धागा भटकंतीत काढलाय, पण मूळ मुद्दा उसनवारीचा आहे. टोकियोतल्या एका देवळाचे मी दहा येन देणं लागते. नोव्हेंबरात घेतले, वर्षाच्या आत परत करायचे असतात. आता एप्रिल संपत आला आणि माझं एवढ्यात पुन्हा जाणं काही दिसत नाही. कुणी जाणार असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तरी वाचा, टंकायला दोन संध्याकाळी गेल्यात.

ऑफिसच्या कामाने नऊ दिवस गेले होते. हॉटेल आकासाकात आहे असं कळल्यावर मी ते आसाकुसा समजले. मोठ्या लाल कंदिलाचं ते प्रसिद्ध देऊळ, समोरची दुकानांची रांग, सगळं हॉटेलच्या खालीच असणार असं घरी सांगूनही टाकलं. विमानात नकाशा उघडला तेव्हा कळलं की दोन्ही गावं शहराच्या दोन टोकांना. (गिन्झा लाइनने आकासाका-मित्सुकेहून सरळ आसाकुसाला जाता येतं, एवढाच काय तो दिलासा.)

पहिल्या दिवशी हिरमोड झाला, खोटं कशाला बोलू. टेकडीमागे संसद, इकडे टीव्ही कंपनीची उंच इमारत, मधल्या तीन-चार समांतर गल्ल्यांत बार आणि खानावळी एकावर एक रचलेल्या. सकाळी साडेआठला भुयारातून काळ्या सुटांचा लोंढा वर येतो आणि रात्री साडेआठला तेच सूट टाय सैल करून हितोत्सुगी रस्त्यावर फिरत असतात. पर्यटक जवळपास नाहीत. मला वाटलं, झालं, नऊ दिवस नरिमन पॉइंटला राहायचं आणि मुंबई बघितली म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी काम लवकर संपलं म्हणून हिए जिंजाला गेले. (जिंजा म्हणजे शिंतो देऊळ.) मोठ्या रस्त्यावरून एक दगडी तोरी, म्हणजे देवळाची कमान, दिसते, तिच्या डोक्यावर त्रिकोणी टोपी घातल्यासारखा भाग आहे. आत पायऱ्या आणि पायऱ्यांच्या कडेला सरकता जिना! जेजुरी चढून मोठी झालेली मी, दोन मिनिटं नुसती बघत उभी राहिले. शेवटी जाताना जिन्याने गेले आणि उतरताना लाल तोऱ्यांच्या बोगद्यातल्या पायऱ्यांनी आले, म्हणजे पुण्य निम्मं तरी पदरात पडलं असावं.

वर देवाच्या दाराशी वाघ-सिंह नाहीत, माकडं आहेत. जोडी. मादीच्या कुशीत पिल्लू. माकड इथल्या देवाचा दूत. जपानीत माकड म्हणजे 'सारु' आणि 'निघून जाणे' यालाही 'सारु', म्हणून पीडा निघून जाते असा शब्दखेळ. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बायका या माकडिणीकडे येतात. मी गेले तेव्हा एक बाई आठव्या-नवव्या महिन्यातली असावी, हात जोडून उभी होती आणि नवरा बाजूला तिची पर्स धरून, आपले उभे असतात तसाच अवघडून.

आता दहा येनची गोष्ट. आओयामा रस्त्यावर, मित्सुकेहून पाच-सात मिनिटांवर तोयोकावा इनारी म्हणून देऊळ आहे. दारात लाल-पांढरे कंदील, आत लाल पताकांच्या रांगा आणि कोल्हे. शेकडो दगडी कोल्हे, गळ्यात लाल लाळेरी बांधलेले. मी जिंजा समजून दोनदा टाळ्या वाजवायला हात वर केले तर बरोबरची सहकारीण म्हणाली, "थांब, हे बौद्ध देऊळ आहे, इथे नुसते हात जोडायचे." झेन पंथाचं. देवी कोण? दाकिनितेन. पांढऱ्या कोल्ह्यावर बसलेली. दाकिनी म्हणजे आपली डाकिनी! तिचा मंत्र सहकारिणीने वाचून दाखवला: 'ओन शिराबत्ता निरिउन सोवाका'. सुरुवातीचा 'ओन' म्हणजे ॐ आणि शेवटचा 'सोवाका' म्हणजे स्वाहा. मधलं काही कळलं नाही, पण दोन्ही टोकं ओळखीची निघाली की माणूस आपोआप मान डोलावतो.

आवारातच एक छोटं युझू इनारी आहे. तिथे लहानशा पाकिटात दहा येनचं नाणं मिळतं. हे दान नाही, उसने पैसे. पैशांच्या पाकिटात ठेवायचे, पैशाला पैसा लागतो, आणि वर्षाच्या आत आभार मानून परत करायचे. मी घेतलं. का घेतलं, माहीत नाही. नऊ दिवसांत त्या शहराने मला दिलेली ती एकच गोष्ट होती जिच्याबरोबर पावती आली नाही.

फोटो जमतील तसे टाकते.

साडेतीनमात्रे

दहा येन म्हणजे पाच-सहा रुपये. यासाठी माणूस पाठवायचा? सोसायटीच्या मेंटेनन्सला एवढी तत्परता दाखवली असती तर लिफ्ट चालू झाली असती.

गवतीचहा

@साडेतीनमात्रे, लिफ्टचे पैसे भरलेत. देणं ते देणं.

निशिकासाईकर

छान लिहिलंय ताई. अठरा वर्षं टोकियोत आहे, त्यामुळे नाक खुपसतो.

पहिलं, हिए जिंजा काटेकोरपणे बघितलं तर आकासाकात नाहीच. पत्ता नागाताचोचा, वॉर्ड चियोदा. आकासाका मिनातो वॉर्डात. पण उतरायला तामेइके-सान्नो किंवा आकासाका हीच स्टेशनं, आणि इथले लोकही आकासाकाचंच म्हणतात. हे तोकुगावा शोगुनांचं, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशांचं, राखणदार दैवत. १६५७ च्या मोठ्या आगीत जुनी जागा जळाली, मग या टेकडीवर आलं. आत्ताची मुख्य इमारत १९५८ ची, कारण आधीची १९४५ च्या बॉम्बवर्षावात गेली.

दुसरं, तुम्ही खरं जुनं देऊळ बघायचं राहिलात. आकासाका हिकावा जिंजा. आठवा शोगुन योशिमुनेने १७३० साली बांधलेलं. १९२३ चा भूकंप आणि युद्ध दोन्हींतून ते वाचलं. गल्लीबोळातून चढ चढून गेलं की एकदम झाडी. एक गिंको आहे, चारशे वर्षांचा सांगतात, खोड आतून पोकळ. मी मुलाला पहिल्यांदा नेला तेव्हा त्याने विचारलं, "बाबा, इथे आवाज कुणी बंद केला?"

निशि-कासाईहून येणाऱ्यांसाठी: तोझाई लाइनने ओतेमाची, तिथे चियोदा लाइन, पाचव्या स्टेशनला आकासाका. ओतेमाचीत बदलताना चालायची तयारी ठेवा.

लाटणं

निशि-कासाई म्हणजे तेच ना, जिथे आपले लोक खूप आहेत? आपले पुराणिक निवडून आले ते?

निशिकासाईकर

होय, एदोगावा वॉर्ड. योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. इथे डाळ-तांदूळ, कढीपत्ता सगळं मिळतं. आकासाकात मिळत नाही, तिथे फक्त बिल मिळतं.

कोकमआगळ

मुद्द्याचं विचारतो. शाकाहारी माणसाने आकासाकात नऊ दिवस काय खाल्लं?

गवतीचहा

@कोकमआगळ, मी अंडं खाते, मासा नाही. पहिले दोन दिवस केळी. मग अक्कल आली. खरा शत्रू मासा नाही, 'दाशी' आहे. वरून निरागस दिसणाऱ्या भाजीतही माशाचं पाणी. इझाकायात, म्हणजे तिथल्या बार-खानावळीत, मीठ लावलेल्या एदामामे शेंगा, मीठ लावून भाजलेल्या शिशितो मिरच्या, काकडी, एवढं भरवशाचं. गार तोफू मागवला तर वर काहीतरी तपकिरी, कागदासारखं पातळ भुरभुरलेलं. 'कात्सुओबुशी'. वाळवलेल्या माशाचा कीस. गरम पदार्थावर टाकला तर वाफेने हलतो, जिवंत असल्यासारखा. माझी भूकच गेली.

कोकमआगळ

म्हणजे आमच्या सुकटीची श्रीमंत चुलतबहीण. मग मी येतो. तुमच्या वाटचा तोफू मला.

गवतीचहा

आणि गोड खाणाऱ्यांनी तोराया चुकवू नका. आओयामा रस्त्यावरच, तोयोकावा इनारीपासून चालत. सोळाव्या शतकापासून क्योतोच्या राजवाड्याला मिठाई पुरवणारं घराणं, १८६९ मध्ये सम्राट टोकियोला आले तेव्हा हेही आले. आत्ताची इमारत २०१८ ची, आत लाकूड आणि भरपूर उजेड. त्यांचं योकान म्हणजे लाल अझुकी (एक कडधान्य), साखर आणि आगर, त्यामुळे शाकाहारी. एका प्रकाराचं नाव 'योरु नो उमे', रात्रीची प्लमची फुलं. काळ्या वडीचा काप घेतला की आतले अख्खे दाणे फिकट दिसतात, अंधारात झाडावर फुलं दिसावीत तसे. खाल्ल्यावर मात्र मला शिळ्या पुरणाची आठवण आली. वाईट अर्थाने नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून चोरून खाल्लेलं पुरण, वेलची काढून टाकलेलं. आईला आणलं तर म्हणाली, "साखर बरी आहे, पण पूर्ण घोटलं नाही." ज्या घराण्याला मिठाई करून पाचशे वर्षं झाली त्याला आईने दोन सेकंदांत नापास केलं.

तर्कटे

लेख आवडला, पण एक खटकलं. परदेशात गेलं की आपण प्रत्येक दगडात आपलंच काही शोधत बसतो. डाकिनी काय, स्वाहा काय. जपानी माणूस पंढरपुरात येऊन 'हे आमचंच' म्हणाला तर चालेल?

पाटीपूजन

@तर्कटे, भावना समजली, पण इथे उदाहरण चुकलं. हा ओढूनताणून जोडलेला संबंध नाही. ही दैवतं बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेली, नावांसकट. तोयोकावा इनारीच्याच आवारात सात भाग्यदेवता आहेत. त्यांतली बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, दाइकोकुतेन म्हणजे महाकाल, बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. बौद्ध कथेत डाकिनी माणसाचं काळीज खाणाऱ्या होत्या आणि महाकालाच्या रूपातल्या बुद्धाने त्यांना वठणीवर आणलं. जपानात तीच दाकिनितेन पुढे कोल्ह्यावर बसली आणि भाताच्या इनारी देवाशी एकरूप झाली.

गवतीचहा

@तर्कटे, मला तुमचं अर्धं पटलं. डाकिनी इथून गेली हे खरं, पण तिथे तिने नोकरी बदलली. आपल्याकडे डाकीण म्हटलं की मुलं पांघरुणात शिरतात. तिथे टीव्हीवरचे कलाकार तिच्याकडे यश मागायला येतात, आणि ती लोकांना दहा-दहा येन उसने देते. आपलं म्हणून कौतुक करण्यापेक्षा मला तिचाच हेवा वाटला.

आकासाकात ती कशी आली तेही मजेशीर आहे. ओओका तादासुके नावाचा एदोचा (टोकियोचं जुनं नाव) न्यायाधीश होता, आपल्या रामशास्त्र्यांसारखा, त्याच्या निवाड्यांच्या गोष्टी तिथे अजून सांगतात. तो मिकावातल्या तोयोकावाच्या या देवीचा भक्त. त्याच्या घराण्याच्या वाड्यातलं हे देवस्थान, १८८७ मध्ये आत्ताच्या जागी हललं.

जुनं_खोड

मी १९८४ साली कंपनीच्या ट्रेनिंगला गेलो होतो. आमचा मुक्काम लांब कावासाकीला, पण शनिवारी आमचे जपानी साहेब आकासाकाला घेऊन आले. हिए जिंजाच्या टेकडीखाली एक मोठी जळकी इमारत उभी होती. खिडक्यांवर काजळी. हॉटेल न्यू जपान. १९८२ च्या ८ फेब्रुवारीला पहाटे आग लागली, ३३ माणसं गेली. बहुतेक मजल्यांवर पाणी फवारणारी यंत्रणाच नव्हती. साहेब त्या बाजूला बघायचे नाहीत. त्याच हॉटेलच्या तळघरात न्यू लॅटिन क्वार्टर नावाचा नाइटक्लब, आणि तिथेच १९६३ च्या डिसेंबरात रिकिदोझान या मल्लाला एका गुंडाने भोसकलं. आठवड्याने तो गेला. युद्धात हरलेल्या देशाने त्याला डोक्यावर घेतलं होतं, आपल्या हिंदकेसरीला घ्यावं तसं. आता तिथे प्रुडेन्शियल टॉवर आहे म्हणतात.

तेव्हा आकासाका म्हणजे र्योतेई, महागडी खासगी भोजनगृहं. उंच कुंपणं, पाटी छोटी, दारात काळ्या गाड्या. आत मंत्री, कारखानदार आणि गेइशा. सरकारं संसदेत पडत नाहीत, इथे पडतात, असं साहेब म्हणाले होते. आम्ही बाहेरूनच बघितलं. एका दारातून एक गेइशा बाहेर आली, माणसाने ओढायच्या रिक्षात बसली, पडदा ओढला. दोन सेकंद. चाळीस वर्षं झाली, पायातले पांढरे मोजे अजून दिसतात.

गवतीचहा

काका, दंडवत. हे सगळं वेगळ्या धाग्यात लिहा ना. र्योतेई आता मोजकीच उरलीत. जुन्या जागी कोरियन खानावळी, कॉफीची दुकानं. पण एका गल्लीत संध्याकाळी शामिसेनचा (तीन तारांचं वाद्य) आवाज आला मला, कुणाच्या तरी वरच्या मजल्यावरून. रियाज चालू असावा, एकच ओळ पुन्हा पुन्हा.

प्राजक्तसडा

एकट्या बाईने रात्री फिरायला कसं आहे? आणि खरेदी?

गवतीचहा

@प्राजक्तसडा, रात्री अकराला एकटी चालत हॉटेलवर आले, काही वाटलं नाही. गल्ल्यांच्या तोंडाशी बारवाल्यांची माणसं उभी असतात, मेनू दाखवत मागे येतात. नजर द्यायची नाही, तुळशीबागेत शिकलेली चाल तिथेही चालते. शेवटची मेट्रो बाराच्या आसपास. चुकली तर टॅक्सी, आणि रात्री दहा ते पहाटे पाच तिला वीस टक्के जादा.

खरेदीसाठी आकासाका नाही, ते आधीच सांगते. आकासाका साकास नावाचं संकुल आहे, ठीक आहे. पण गंमत अशी की रोप्पोंगीचं म्हणून मिरवणारं टोकियो मिडटाउन पत्त्याने आकासाकाच आहे, नवव्या चोमेत (उपविभागात). तिथे सगळं आहे आणि किमतीची चिठ्ठी बघून परत ठेवायला विक्रेतीही अदबीने मदत करते. मी एक रुमाल घेतला.

लाटणं

आमच्या ह्यांचा किस्सा. तीन वर्षांपूर्वी तिघे मित्र, आकासाकातलाच कुठलासा दुसऱ्या मजल्यावरचा बार. रस्त्यावरच्या माणसाने बोलावलं म्हणून गेले. प्रत्येकी दोन बिअर. न मागता तीन वाट्या आल्या, त्यांत कसलंसं लोणचं. आपल्याकडे कांदा-लिंबू फुकट येतो तसं समजून खाल्लं. बिल बेचाळीस हजार येन. लोणच्याचे, बसण्याचे, बर्फाचे, आणि समोर बसून हसणाऱ्या बाईचेही. हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही मित्राच्या बायकोकडून.

निशिकासाईकर

@लाटणं, वाटीला 'ओतोशी' म्हणतात, ती साध्या इझाकायातही येते, तीन-पाचशे येन. तो फसवणुकीचा भाग नव्हे, रीत आहे. बाकीचं मात्र रस्त्यावरच्या माणसामागे गेल्याचं फळ. नियम एकच: जो बोलवायला येतो त्याच्याकडे जायचं नाही. ह्यांना सांगा.

लाटणं

सांगितलं. त्या वेळी जेवत होते, पुढची पोळी मागितली नाही.

बाकरवडी

पूर्ण धागा वाचला. मी जूनमध्ये टोकियोला जातोय, सहा दिवस. ताई, नाणं द्या, मी ठेवून येतो. कोथरूडलाच आहे.

निशिकासाईकर

@बाकरवडी, जूनमध्ये कधी? यंदा सम वर्ष आहे. हिए जिंजाच्या सान्नो उत्सवाची मोठी मिरवणूक सम वर्षीच निघते, विषम वर्षी कान्दा भागातल्या देवळाची. जुन्या दरबारी वेषातली शेकडो माणसं, पालख्या, घोडे, आणि भोवती ऑफिसच्या इमारती. एदोकाळात ही मिरवणूक थेट किल्ल्यात जायची, शोगुन बघायचा. तारीख साधा.

गवतीचहा

@बाकरवडी, लाख लाख धन्यवाद, पण आता खरी अडचण सांगते. नाणं माझ्या पाकिटात नाही. आईने ते देवघरात ठेवलंय, अन्नपूर्णेच्या शेजारी. रोज हळदीकुंकू. मी मागितलं तर म्हणाली, "देवाचा पैसा देवात आहे, आता कुठे हलवतेस?" दाकिनीचं नाव तिला सांगितलेलं नाही. जपानची लक्ष्मी म्हणून सांगितलंय.

साडेतीनमात्रे

डाकीण देवघरात बसवून तिला रोज कुंकू लावणारं पहिलं घर. आता कळलं लिफ्ट का चालू झाली.

पाटीपूजन

आईंना खरं सांगा. उसनं ठेवून घेणं कुठल्याच देवाला चालत नाही, हे त्यांना जास्त कळतं.

गवतीचहा

सांगितलं. 'उसने' शब्दावर एकदम उठली. "आधी का नाही सांगितलंस? पाच महिने दुसऱ्याचे पैसे घरात?" नाणं काढून पुसायला घेतलं, पण कुंकू त्यावरच्या देवळाच्या कोरीवकामात बसलंय, निघत नाही. वर एक रुपया ठेवून दिलाय, नुसतं परत करू नये म्हणून. बाकरवडी, शनिवारी सकाळी येता का? पोहे आहेत.

बाकरवडी

धागा वर काढतोय. काल तोयोकावा इनारीला जाऊन आलो. दहा येन परत केले. खिडकीतल्या बाईंना मोडक्या जपानीत कुंकवाबद्दल सांगायचा प्रयत्न केला, त्यांनी लाल डाग बघितला, दोन्ही हातांनी नाणं घेतलं आणि वाकल्या. आईंचा रुपया दानपेटीत टाकला. पेटीतल्या बाकीच्या नाण्यांपेक्षा आवाज वेगळा आला, मागच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं.

मिरवणूक चुकली, मी दोन दिवस उशिरा पोचलो. आसाकुसाला हॉटेल घेतलं होतं, आकासाका समजून.

आणि हो, मीही दहा येन घेतलेत. पुढच्या जूनच्या आत कुणी जाणार आहे का?